आरोग्यसेवेचे शिक्षण : पैसे भरण्यापूर्वी धाराशिवच्या पालकांनी काय पाहावे

बारावीचा निकाल लागला की धाराशिव जिल्ह्यातील आपल्या भाविकांच्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "पोरीला नर्सिंगला घालायचंय." या इच्छेत नवल काहीच नाही. परिचर्या आणि ख्रिस्ती समाज यांचे नाते जुने आहे. मराठीत 'सिस्टर' हा एकच शब्द धर्मभगिनीलाही चालतो व परिचारिकेलाही, यातच ते दिसून येते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, तेव्हापासून महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना हा व्यवसाय आपला वाटत आला. भारतातील कॅथॉलिक आरोग्यसेवा संघटना १९४३ साली स्थापन करणाऱ्या सिस्टर मेरी ग्लौरी स्वतः डॉक्टर होत्या. परंपरा अशी मोठी आहे. तथापि परंपरेच्या भरवशावर प्रवेश मिळत नाही, आणि मिळालेला प्रत्येक प्रवेश उपयोगाचा असतोच असेही नाही. म्हणूनच हा लेख.

'नर्सिंग' हा शब्द आज ज्या ज्या अभ्यासक्रमांना लावला जातो ते सर्व एक नव्हेत. त्यांतील काहींच्या अखेरीस मुलीचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढते व ती कायद्याने परिचारिका ठरते. इतरांच्या अखेरीस हाती एक छापील प्रमाणपत्र येते आणि नोंदणी होत नाही. दोन्हीकडे पांढरा गणवेश असतो, दोन्हीकडे फलकावर लाल क्रॉस रंगविलेला असतो. ज्या घरात मुलीच्या फीसाठी मुकादमाकडून उचल घेतली जाते व आईबाप एक हंगाम अधिक ऊस तोडतात, त्या घराला हा फरक दोन वर्षांनी कळणे परवडणारे नाही. तो आधीच कळावा, एवढाच आमचा हेतू आहे.

नोंदणी मिळवून देणारे मुख्य मार्ग तीन आहेत. पहिला सहायक परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम. हा दोन वर्षांचा असून केवळ मुलींसाठी आहे. दुसरा जीएनएम, तीन वर्षांचा. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. जीएनएम व पदवी यांना मुलेही जाऊ शकतात. ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी माहीत नाही आणि म्हणून आपले मुलगे तिकडे फारसे वळत नाहीत. आम्हांस हे खटकते.

एएनएमला कमी लेखण्याची सवय शहरात आहे. गावात राहू इच्छिणाऱ्या मुलीने ती सवय उचलू नये. सपाट प्रदेशात साधारणपणे दर ५,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे असा शासनाचा निकष आहे, आणि त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे एएनएम झालेली आरोग्यसेविका. गरोदर मातांची तपासणी, बाळांचे लसीकरण, नोंदी, गृहभेटी ही कामे तीच करते. परंडा, भूम वा लोहारा तालुक्यात राहून, घराजवळ, शासकीय नोकरी करता येईल असा मार्ग या व्यवसायात फार तर हाच. पुढे नोंदणीकृत एएनएमला जीएनएम करता येते आणि जीएनएम झालेल्यास दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घेता येते. म्हणजे पहिली पायरी लहान असली तरी जिना पुढे जातो.

आता पात्रता. धाराशिवच्या खेड्यांत जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात पुष्कळदा केवळ कला शाखाच असते. "आमची मुलगी आर्ट्सची, तिला कोण घेणार?" असे म्हणून पालक गप्प बसतात. एएनएम व जीएनएम या दोन्हींसाठी कला शाखेतील बारावी चालते. जीएनएमसाठी बारावीला इंग्रजी विषय असावा आणि एकूण किमान ४० टक्के गुण असावेत. वयाची मर्यादा १७ ते ३५ वर्षे आहे. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या पंचविशीतील मुलीलाही हे दार बंद नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. बी.एस्सी. नर्सिंगला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी या विषयांसह बारावी विज्ञान लागते. खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के गुण लागतात. शिवाय २०२३ पासून राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत या पदवीसाठी स्वतंत्र परीक्षा घेतली जाते. म्हणजे पदवीचा निर्णय बारावीच्या निकालानंतर घेऊन चालत नाही; तो दहावीनंतर शाखा निवडतानाच घेतलेला असतो. एएनएम व जीएनएमचे प्रवेश कसे होणार हे त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे. गेल्या वर्षी शेजारच्या मुलीने काय केले हा आधार धरू नये.

संस्था खरी की खोटी हे ओळखण्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. तीन प्रश्न लेखी उत्तरासह विचारावेत. परीक्षा कोण घेते? एएनएम व जीएनएमसाठी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाचे नाव आले पाहिजे. पदवीसाठी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते काय? आणि मुली प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकतात, तेथे खाटा किती? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून "आमचा टायअप आहे" एवढेच सांगितले गेले, तर त्या रुग्णालयात स्वतः जाऊन पाहावे. जेथे प्रसूतिगृह नाही तेथे प्रसविका घडत नाही. मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या मंडळ, विद्यापीठ व भारतीय परिचर्या परिषद यांच्या संकेतस्थळांवर असतात. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही महा-ई-सेवा केंद्रात त्या पाहता येतील. २०२३ साली संसदेने १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. त्यामुळे संस्थांची नावे पुढेमागे बदलतील. प्रश्न तेच राहतील.

मग ज्या अभ्यासक्रमांतून नोंदणी मिळत नाही ते सर्व निरुपयोगी म्हणावेत काय? तसे आम्ही म्हणणार नाही, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे.

कम्युनिटी कॉलेज ही कल्पना अमेरिकेतील. घराजवळ, कमी फीमध्ये, गुणांची अट सैल ठेवून स्थानिक गरजेचे काम शिकवावे असा तिचा अर्थ. भारतात १९९५ साली पाँडिचेरी विद्यापीठाने असे महाविद्यालय सुरू केले आणि पुढच्याच वर्षी मद्रास-मैलापूर महाधर्मप्रांताने चेन्नईत दुसरे. येशूसंघीय धर्मगुरू झेवियर अल्फोन्स यांनी या चळवळीला देशभर आकार दिला. शाळा सोडलेली, दलित, झोपडपट्टीतील मुले हा तिचा पहिला विद्यार्थीवर्ग, आणि रुग्णसहायकाचे काम हा तिच्या आवडत्या अभ्यासक्रमांपैकी एक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ पासून कम्युनिटी कॉलेजची स्वतंत्र योजना राबविली. महाराष्ट्रात ही भूमिका मोठ्या प्रमाणावर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने, १९८९ पासून, आपल्या अभ्यासकेंद्रांतून बजावली. शासनाच्या कौशल्यविकास योजनांतील 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हाही याच जातीचा अभ्यासक्रम आहे. काही महिन्यांत रुग्णाला आंघोळ घालणे, कूस बदलणे, खाटेची स्वच्छता, तापमान व नाडी पाहणे, चाकाच्या खुर्चीवरून ने-आण करणे ही कामे तो शिकवितो.

दहावीनंतर शिक्षण थांबलेल्या, घरी लहान भावंडे असलेल्या मुलीला अशा शिक्षणातून पुणे, सोलापूर वा लातूरच्या रुग्णालयात, अथवा वृद्धांच्या घरी सेवेचे काम मिळू शकते. ते प्रतिष्ठेचे काम आहे. तथापि रुग्णसहायिका ही परिचारिका नव्हे. तिने सुई टोचू नये, औषध देऊ नये. रुग्णालयाने सांगितले तरी नाही. काही बिघडले तर कायद्याचा हात प्रथम तिच्याकडे येईल. पुष्कळ लहान रुग्णालयांत अशा मुलींना 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात, काम परिचारिकेचे घेतात आणि वेतन मात्र सहायिकेचे देतात. आक्षेप या अभ्यासक्रमांवर नाही. आक्षेप आहे तो त्यांना 'नर्सिंग' म्हणून विकण्यावर व त्यापोटी तीन वर्षांच्या शिक्षणाची फी उकळण्यावर. कौशल्यविकास योजनेतील प्रशिक्षण शासकीय खर्चाने होत असते. त्यासाठी कोणी मोठी रक्कम मागितली तर तेथेच शंका घ्यावी. आणि अशा अभ्यासक्रमातून 'पुढे जीएनएमला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश' मिळेल असे कोणी सांगितले तर उठून यावे.

प्रमाणपत्राविना शिक्षण किती खोल जाऊ शकते याचे जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या जिल्ह्याच्या शिवेला लागून आहे. भूम व परंड्याच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी परिचारिकांची वाट पाहिली नाही. गावानेच निवडलेल्या, पुष्कळदा निरक्षर व दलित असलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले. त्या स्त्रिया आठवड्यातून एकदा जामखेडला येत, एकत्र राहत, एकमेकींच्या अनुभवांतून शिकत व परत गावी जात. जिला विहिरीवर पाणी भरू देत नसत तिलाच अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणे येऊ लागले. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खुद्द आपल्या जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने 'भारतवैद्य' या नावाने गावोगावच्या स्त्रियांना असेच घडविले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लोहारा व उमरगा तालुक्यांतील गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हा हाताशी असलेला प्रशिक्षित माणूस म्हणजे काय हे या भागाने पाहिले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' आली ती अशाच प्रयोगांच्या अनुभवावर.

फरक एवढाच की जामखेड वा अणदूरने त्या स्त्रियांकडून पैसे घेतले नाहीत आणि त्यांना परिचारिका होण्याचे आश्वासनही दिले नाही.

आता कागदपत्रांकडे वळू. हा भाग रुक्ष आहे, परंतु प्रवेश अडतात ते येथेच. आपल्या समाजापुढे यात एक वेगळी अडचण आहे, ती स्पष्टच मांडलेली बरी.

मराठवाड्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतील आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा प्रारंभी केवळ हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना व १९९० साली बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांना तो आजवर मिळालेला नाही. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली होती, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने याच प्रश्नावर पुन्हा आयोग नेमला. हा अन्याय आहे असेच आमचे मत आहे. पण अन्याय आहे म्हणून अर्जात एक धर्म व चर्चमध्ये दुसरा असे करणे हा उपाय नव्हे, तो मुलीच्या गळ्यातील फास ठरतो. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका स्त्रीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा याच कारणाने फेटाळला : बाप्तिस्मा झालेला, चर्चमध्ये नियमित उपस्थिती, आणि दाखला मात्र हिंदू म्हणून मागितलेला. असा दाखला प्रवेशाच्या वेळी चालून गेला, तरी जात पडताळणीत रद्द झाला तर प्रवेशही जातो, पुढे नोकरीही.

याचा अर्थ आपल्या हाती काहीच नाही असा नव्हे. कुटुंबास इतर मागासवर्गाचा दाखला मिळू शकतो काय, याची चौकशी उपविभागीय अधिकारी कार्यालयात अवश्य करावी. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्यामुळे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या वा महसुलाच्या जुन्या नोंदी उर्दूत असतात. त्यांची प्रमाणित नक्कल व भाषांतर यांस वेळ लागतो. धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा नोंदवहीतील उतारा वंशावळ जुळविण्यास साह्यभूत होतो. दाखल्यानंतर जात वैधता प्रमाणपत्र, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला अशी पुढची मालिका असते. निकालानंतरच्या पंधरा दिवसांत हे होत नाही. मुलगी अकरावीत असतानाच यास हात घालावा.

अल्पसंख्याक म्हणून मिळणारे हक्क मात्र निर्विवाद आहेत. ख्रिस्ती समाज १९९३ पासून केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्याक समाज आहे. मुंबईच्या होली फॅमिली वा होली स्पिरिट रुग्णालयासारख्या ख्रिस्ती संस्थांच्या परिचर्या विद्यालयांत आपल्या मुलींनी अल्पसंख्याक कोट्याची चौकशी करावी. राज्याच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. नावावरून ते केवळ मुस्लिम समाजाचे आहे असा समज आपल्याकडे पसरला आहे व त्यापायी आपली माणसे त्या कार्यालयाची पायरी चढत नाहीत. ते ख्रिस्ती समाजासही तितकेच खुले आहे. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची संपूर्ण सवलत दिली आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून 'आजच भरा, जागा संपत आहेत' म्हणून घेतलेल्या प्रवेशास ही सवलत नाही. बँकांच्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास तारण लागत नाही. बँक कर्ज मान्यताप्राप्त अभ्यासक्रमासच देते. तेव्हा संस्थेचे पत्र घेऊन बँकेत जावे. बँकेने मान हलविली तर संस्थेविषयीही काही कळून येईल.

एक क्षुल्लक वाटणारी, पण फार त्रास देणारी बाब म्हणजे नावे. बाप्तिस्म्याचे नाव मरिया, शाळेतले मीरा, आधारवर मीराबाई, आणि वडिलांचे नाव एकीकडे योहान तर दुसरीकडे जनार्दन. हे आपल्या घराघरांत आहे. अर्ज भरताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील नाव धरावे व बाकीची कागदपत्रे त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावीत. नाव मुळातच बदलायचे असेल तर राज्य राजपत्रात प्रसिद्धी द्यावी लागते. अल्पसंख्याक दर्जासाठीही शाळेच्या दाखल्यातील धर्माचा रकाना प्रथम पाहिला जातो. तो दहावीपूर्वीच तपासावा, कारण शाळेतून नाव कमी झाल्यावर दुरुस्ती अवघड होते. मूळ दाखले संस्थेत पडताळणीसाठी दाखवावेत, परत घ्यावेत, आणि ठेवावेच लागले तर सहीशिक्क्याची पोच घेतल्याखेरीज हात सोडू नये.

परदेशाच्या नोकरीविषयी अलीकडे पुष्कळ विचारणा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला, त्यात आरोग्यसेवाही आहे. तिकडे परिचारिका म्हणून मान्यता हवी असेल तर येथील नोंदणीकृत शिक्षण व जर्मन भाषा ही दोन्ही लागतात. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रावर जर्मनी दाखविणारा दलाल धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर भेटला तरी त्याच्याकडे पाठ फिरवावी.

राहिले वेळापत्रक, आणि येथे आमचा जिल्हा राज्यापेक्षा निराळा आहे. दसरा-दिवाळीनंतर कोयता निघतो व वाशी, भूम, कळंब या भागांतील कुटुंबे सांगली, कोल्हापूर वा कर्नाटकाच्या फडावर जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. प्रवेश परीक्षांचे अर्ज नेमके याच काळात भरले जातात. मुलगी आजीजवळ गावी, आईवडील फडावर. उत्पन्नाच्या दाखल्यावर सही हवी ती वडिलांची, आणि आधारला जोडलेला मोबाइल तोही वडिलांच्या खिशात. सेवा केंद्रात अर्ज उघडतो, संकेतांक दोनशे किलोमीटरवर उसाच्या सरीत वाजतो, आणि दहा मिनिटांत बाद होतो. म्हणून कोयता निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, अधिवास व उत्पन्नाचे दाखले काढून घ्यावेत, मुलीच्या नावे बँक खाते उघडून ते आधारशी जोडावे, आणि तिच्या आधारला मोबाइल क्रमांक तिचा स्वतःचा अथवा घरी राहणाऱ्या माणसाचाच द्यावा.